शेजारच्या ताटातला घास

पत्र:

"माझी आई ७८ वर्षांची आहे. पाच वर्षांपूर्वी तिला अल्झायमर असल्याचं निदान झालं. मी ठाण्याला नोकरी करते, भाऊ न्यू जर्सीला असतो. बाबा गेल्यावर तिला एकटं ठेवणं अशक्य झालं, तेव्हा आम्ही तिला नाशिकजवळच्या एका केअर सेंटरमध्ये ठेवलं. जागा स्वच्छ आहे, माणसंही वाईट नाहीत. पण गेल्या पाच महिन्यांत तिचं वजन ५२ किलोवरून ४६ किलोवर आलंय. घास तोंडात धरून बसते, कधी थुंकते. चमचा पुढे आला की मान फिरवते. जेवता जेवता मधेच उठून जाते. वर शेजारच्या आजींच्या ताटातलं उचलून खाते, त्यावरून भांडणं होतात. डायबेटिस आहे म्हणून गोड बंद आहे. तिथल्या मावशी म्हणतात, 'आजी फार हट्टी आहेत.' मागच्या रविवारी मी न कळवता गेले, तर एक मावशी तिचं नाक दाबून तोंड उघडायला लावत होती. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. बाहेर येऊन रडले. एकत्र कुटुंबात पंधरा-पंधरा माणसांना वाढणारी माझी आई आज अन्न थुंकते! एकदा जेवताना माझ्या कानात म्हणाली, 'पैसे दिलेस का गं त्यांना?' डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. ती खाते की नाही ते बघायला भाऊ रोज तिच्या रात्रीच्या जेवणाच्या वेळी व्हिडिओ कॉल करतो. तिला घरी आणू का? नळी घालू द्यावी का? काही सुचत नाही."

— एक मुलगी, ठाणे

उत्तर:

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात आशेची गोष्ट तुम्ही तक्रारींमध्ये घातली आहे. आई शेजारच्या ताटातलं उचलून खाते. म्हणजे तिला भूक लागते. समोरचं अन्न आहे हे तिला कळतं, हात तिथवर पोचतो, बोटांनी घास उचलता येतो, तो तोंडात जातो आणि गिळलाही जातो. जेवायला माणसाला जे जे लागतं ते बरंचसं तिच्यापाशी अजून शाबूत आहे. तरी समोरून आलेल्या चमच्याला ती मान फिरवते. तेव्हा आई काय खात नाही यापेक्षा तिला खायला कसं दिलं जातंय, तिकडे आधी बघायला हवं असं मला वाटतं. नळीचं आणि घरी आणण्याचं पुढे बोलते.

पण दोन गोष्टींना उशीर चालणार नाही. पहिली नाक दाबण्याची. नाक दाबलं की माणूस श्वासासाठी तोंड उघडतो, आणि त्याच क्षणी घास आत गेला तर तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. असं अन्न फुप्फुसात गेल्यानं होणारा न्यूमोनिया हे डिमेन्शिया (म्हणजे स्मृतिभ्रंश, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) झालेल्यांच्या मृत्यूचं एक मोठं कारण आहे. शिवाय ज्या बाईला आपण कुठे आहोत हेच नीट कळत नाही, तिच्या दृष्टीनं तो सरळ हल्ला असतो; दुसऱ्या दिवशी तिला प्रसंग आठवणार नाही, पण त्या खुर्चीची आणि त्या चमच्याची भीती मनात राहू शकते. त्या मावशीला कुणी शिकवलं नसेल, तिच्यामागे आणखी पाच ताटं असतील. तरीही हे चालता कामा नये. तुम्ही त्या वेळी बोलू शकला नाहीत हे मी समजू शकते. आपलं माणूस ज्यांच्या हाती आहे त्यांना दुखवायला कुणीही धजत नाही. पण आता संचालकांना भेटा आणि भेटीनंतर तेच तारखेसह लेखी द्या. एका मावशीला काढा असं म्हणू नका. 'इथे कुणाच्याही तोंडात बळजबरीनं घास घालायचा नाही' असा नियम सगळ्यांसाठी मागा. त्यांनी दाद दिली नाही, तर ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा सरकारी मदत क्रमांक आहे, तिथे तक्रार करता येते.

दुसरी गोष्ट वजनाची. ५२ चे ४६ म्हणजे अकरा टक्क्यांहून जास्त घट. सहा महिन्यांत दहा टक्के वजन गेलं की डॉक्टर ते गंभीर मानतात. त्यामुळे 'आजारच असा आहे' म्हणून सोडून देण्याआधी तिला नीट तपासून घ्या. आधी तोंडात बघा. वजन उतरलं की कवळी सैल होते आणि घास चावताना टोचते. आईला ते सांगता येत नाही, ती फक्त थुंकते. जिभेवर, गालाच्या आत पांढरा थर असेल तर ती बुरशी असू शकते, त्यावर औषध आहे. मग पोट साफ होतं का ते विचारा. बद्धकोष्ठतेनं भूक मरते आणि केअर सेंटरमध्ये हे बऱ्याचदा कुणाच्या लक्षातही येत नाही. खाणं दोन-चार दिवसांत एकदम कमी झालं असेल तर लघवीचा संसर्ग आहे का ते पाहायला लागतं. थायरॉइड आणि नैराश्य यांचीही शंका घ्या.

त्यानंतर सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांसमोर बसा. स्मरणशक्तीसाठी देतात त्या डोनेपेझिलनं काहींना मळमळतं, भूक कमी होते, वजन उतरतं. डायबेटिससाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर त्यानंही खाण्यावरची वासना जाऊ शकते. शांत राहावं म्हणून दिलेल्या गोळ्यांनी जेवणाच्या वेळी ग्लानी येते आणि गिळणंही मंदावतं. यातली कुठलीही गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, पण प्रश्न जरूर विचारा. आणखी एक विचारा, जे सहसा कुणी विचारत नाही: गोळ्या कुटून जेवणात मिसळता का? बऱ्याच ठिकाणी सर्रास मिसळतात. भातात एकदा कडू लागलं की पुढचा भात संशयानंच तोंडात घेतला जातो. मग आजी 'उगाच' थुंकतात असं आपल्याला वाटतं. काही गोळ्या तर कुटायच्याच नसतात.

आता जेवणाकडे वळू.

तुमच्या आईनं जन्मभर हातानं जेवण केलं असणार. भात कालवणं, पोळीचा तुकडा मोडणं, बोटांना गरम-गार कळणं, घास केवढा घ्यायचा हे हातानं ठरवणं, यातूनच मेंदूला 'आता जेवायचं आहे' असा निरोप जातो. केअर सेंटरमध्ये स्वच्छतेच्या आणि वेळेच्या हिशोबानं चमचा येतो, तोही दुसऱ्याच्या हातातला, बऱ्याचदा उभ्या असलेल्या माणसाच्या, बाजूनं आणि वरून. तुमच्या-माझ्या तोंडाशी कुणी असा चमचा आणला तर आपणही मान मागे घेऊ. म्हणून पहिला बदल हाच मागा: आईला तिच्या हातानं जेवू द्या. सांडेल, कपडे खराब होतील, अर्धा तास जास्त लागेल. लागू द्या. जेवणाआधी तिचे हात कोमट पाण्यानं धुवा, पुसा आणि कालवलेल्या भाताचा छोटा मुटका तिच्या बोटांत ठेवा. हात वर उचलला जात नसेल तर तुमचा तळवा तिच्या मनगटाखाली धरून हलकेच आधार द्या. चमचा वापरायचाच झाला तर तो तुम्ही धरा आणि तिचा हात तुमच्या हातावर ठेवा, म्हणजे घास तिच्याच हाताबरोबर वर जातो. वयस्क माणसांना भरवण्याचं प्रशिक्षण जिथे देतात तिथे ही पद्धत मुद्दाम शिकवतात. कारण साधं आहे. आपलाच हात येताना दिसला की तोंड उघडायची जुनी सवय जागी होते.

भरवणाऱ्यानं बसायचंच, आईच्या डोळ्यांच्या उंचीवर, समोर किंवा ती ज्या हातानं जेवते त्या बाजूला जरासं तिरकं. एका वेळी एकीलाच भरवायचं. दोन्ही बाजूंच्या दोन आज्यांना आळीपाळीनं घास देणारी मावशी मी पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे, आणि त्यात दोघींचंही जेवण बिघडतं. टीव्ही बंद. मावशींच्या आपापसातल्या गप्पा बंद. घास घेण्याआधी नाव घेऊन, हाताला स्पर्श करून सांगायचं, 'हा भात आहे, वरण-भात, तुमच्या आवडीचा.' बोलणं तेवढंच, बाकी शांतता. जमल्यास भरवणारीनं स्वतःही समोर वाटीत थोडं घेऊन खावं. समोरच्याला चावताना, गिळताना पाहिलं की तसं करायचं असतं हे आठवतं, आणि पंगतीत बसल्यासारखंही वाटतं.

ताटाकडेही बघा. अल्झायमरमध्ये डोळे चांगले असले तरी रंगांतला फरक आणि कडा ओळखणं मेंदूला जड जातं. पांढऱ्या मेलामाइनच्या ताटात पांढरा भात आणि दही असेल तर आईच्या दृष्टीनं ते ताट रिकामं असू शकतं. स्टीलचं ताट ट्यूबलाइटखाली चमकतं, त्यात दिव्याचं आणि स्वतःच्या हाताचं प्रतिबिंब हलतं. २००४ साली बॉस्टनच्या संशोधकांनी आजार बराच पुढे गेलेल्या नऊ पुरुषांवर एक छोटा प्रयोग केला. पांढऱ्या भांड्यांऐवजी गडद लाल ताट-पेले दिले, तेव्हा खाणं सरासरी २५ टक्के आणि पेयं घेणं ८४ टक्के वाढलं. पुढच्या वर्षी गडद निळ्या भांड्यांनीही फायदा दिसला, फिक्या रंगांनी नाही. नऊ माणसांचा प्रयोग म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, पण करून बघायला एका गडद ताटाचीच किंमत पडते. भाजीचा, वरणाचा रंग उठून दिसेल असं एकरंगी, नक्षी नसलेलं ताट घ्या. खणांचं ताट नको. चार खण, चार पदार्थ, लोणचं, कोशिंबीर असं सगळं एकदम समोर आलं की कुठून सुरुवात करायची हेच कळत नाही. एक वाटी संपली की दुसरी ठेवा. आई ताटाच्या एकाच बाजूचं खात असेल तर ताट हळूच फिरवा. दुसरी बाजू तिला दिसतच नसेल.

शेजारच्या आजींच्या ताटाचा उलगडा इथेच होतो असं मला वाटतं. कदाचित ते ताट तिच्या नजरेच्या सोयीच्या बाजूला येतं. कदाचित आपल्यापुढचं ताट आपलं आहे हेच तिला कळत नाही. त्या आजींची बाजूही घ्यायला हवी. जेवणात कुणाचा हात येणं, उष्टं होणं हे आपल्या घरांत वाढलेल्या बाईला सहन होत नाही, आणि त्यांचं पथ्यही वेगळं असेल. आईला टेबलाच्या टोकाला बसवा, दोघींच्या ताटांखाली वेगवेगळ्या रंगाच्या चटया ठेवा. आणि आईच्या उजव्या हाताशी, मधोमध ठेवल्यासारखी दिसेल अशी एक वाटी ठेवा. तिच्यात हातानं उचलता येतील असे मऊ तुकडे असू द्या: इडली, धिरडं, उकडलेला बटाटा, केळं. उचलायची ओढ आहे ना, मग उचलू दे. ते तिच्यासाठीच ठेवलेलं आहे.

आता ताटावरून उठून जाण्याबद्दल. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण उत्तर तुमच्याच पत्रात आहे. पंधरा माणसांना वाढणारी बाई. त्या काळच्या घरात सून म्हणून आलेल्या बाईनं आधी सगळ्यांना वाढायचं, पुरुषांची आणि मुलांची पानं उठायची, मग उरलंसुरलं घेऊन स्वयंपाकघरात बसायचं, असं वर्षानुवर्षं केलेलं असतं. आज तिला दुपारी साडेबाराला हॉलमध्ये खुर्चीवर बसवतात आणि 'जेवा' म्हणतात. आजूबाजूला अनोळखी माणसं बसलेली, त्यांना अजून वाढलेलं नाही. ती बसेल कशी? ती उठते, ताटं न्याहाळते, स्वयंपाकघर शोधायला जाते, आणि आपण म्हणतो आजी भटकतात. तिला ते काम द्या. मावशींबरोबर पेले मांडू द्या, ताटावर पोळी ठेवू द्या, मेथी निवडायला बसवा. मग सगळ्यांचं झाल्यावर, दुसऱ्या पंगतीला, मावशींबरोबर बसवून 'चला, आता आपलं पान घेऊ या' असं म्हणून बघा. सेंटरला वेळापत्रक थोडं वाकवायला लागेल, तेवढं मागायचा तुम्हाला हक्क आहे. तरी उठलीच, तर मागे लागून खुर्चीत दाबून बसवायचं नाही. आधी लघवीला जायचंय का ते विचारायचं. दोन मिनिटांनी पुन्हा बोलवायचं.

'पैसे दिलेस का गं त्यांना?' हेही तसंच आहे. तिला ती जागा खानावळ वाटते. पदरी पैसे नाहीत आणि परक्यांचं अन्न खायचं, याची लाज कुणाही स्वाभिमानी बाईला वाटेल. 'आई, काय बोलतेस, हे तुझंच घर आहे' असं म्हणू नका, ते तिला पटणार नाही. 'हो आई, महिन्याचे सगळे भरलेत, पावती पण घेतलीय' असं सांगा. मोठ्या अक्षरात 'जेवणाचे पैसे मिळाले' अशी एक पावती करून तिच्या बटव्यात ठेवा. मावशींनाही हे वाक्य माहीत हवं. अशीच आणखी कारणं शोधा. ती सोमवार करायची का, चतुर्थी, एकादशी? आज उपवास आहे असं तिला वाटत असेल तर त्या वेळी भात पुढे करून उपयोग नाही. राजगिऱ्याची खीर, शिजवून मऊ केलेली वरी, कुस्करलेलं रताळं द्या. जेवणाआधी श्लोक म्हणायची सवय होती का? म्हणून बघा. शब्द हरवलेल्या माणसांच्या तोंडून पाठ असलेला श्लोक अख्खा येतो आणि त्यामागोमाग घासही जातो, हे मी पाहिलंय.

घास तोंडात धरून बसणं वेगळं, त्याकडे काळजीनं बघा. कधी पुढे गिळायचं असतं हेच सुचत नाही. मग रिकामा चमचा खालच्या ओठाला लावला, किंवा मधे थोडं आंबट दिलं, लोणच्याचा खार बोटावर घेऊन चाटवला, तर लाळ सुटते आणि गिळलं जातं. पुढचा घास आधीचा गेल्याशिवाय नाही, आणि जेवणानंतर गालात काही उरलंय का ते बघून तोंड साफ करायचं. पण जेवताना ठसका लागत असेल, पाणी प्यायल्यावर आवाज ओलसर, घरघरल्यासारखा येत असेल, अधूनमधून ताप येत असेल, तर गिळणं तपासणाऱ्या स्पीच थेरपिस्टना दाखवा. नाशिकला असे तज्ज्ञ मिळतात, डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या. तोवर आईला ताठ बसवूनच जेवण द्यायचं, पलंगावर अर्धवट रेलून कधीच नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. पातळ आणि घट्ट एकत्र असलेले पदार्थ सगळ्यात त्रासाचे: रश्श्यात तरंगणाऱ्या फोडी, पातळ वरणातली भाताची शितं. पाणी आधी घशात उतरतं, फोड मागे राहते. फोडणीतला कढीपत्ता आणि मोहरी काढून टाका, कोरडे पोहे आणि चिवडा बंद करा. गुरगुट्या भात, त्यात तूप आणि मेतकूट, घट्ट वरण, नाचणीची दाट आंबील, मऊ सांजा हे आपल्या स्वयंपाकघरातलंच आहे, त्यासाठी डब्यातली महागडी पावडर पहिल्या दिवशी आणायची गरज नाही. पण सगळं मिक्सरमधून काढून एकच राखाडी लगदा करू नका. भाजी वेगळी, भात वेगळा, रंग वेगळे राहू द्या.

गोड बंद करण्याबद्दल माझं स्पष्ट मत आहे. या आजारात वास आणि चव मंदावते, गोडाची ओढ मात्र बऱ्याच जणांत वाढते. ७८ व्या वर्षी, सहा किलो वजन गेलेल्या बाईला साखरेच्या भीतीनं उपाशी ठेवण्यात अर्थ नाही. डॉक्टरांना विचारा की शुगरचं उद्दिष्ट थोडं सैल करता येईल का, औषधं त्याप्रमाणे बदलता येतील का. अशा वयात आणि अशा आजारात पथ्य सैल करणं बहुतेक डॉक्टरांना मान्य असतं, फक्त कुणी विषय काढत नाही. खाण्यात तूप, साय, शेंगदाण्याचं बारीक कूट, दुधाची पावडर, चालत असेल तर अंडं घातलं की त्याच चार घासांत जास्त बळ जातं.

वेळेचंही बघा. संध्याकाळ झाली की या आजारात अस्वस्थता वाढते, आणि बहुतेक सेंटरमध्ये रात्रीचं जेवण सात वाजताच, म्हणजे नेमक्या त्याच वेळी. टोरांटोच्या एका वृद्ध-केंद्रातल्या अभ्यासात दिसलं की अल्झायमर झालेले बरेच जण सकाळच्या न्याहारीला सगळ्यात चांगलं खातात. मग सगळा जोर रात्रीच्या ताटावर कशाला? न्याहारी दमदार करा, दहा वाजता काहीतरी, दुपारचं जेवण आणि चारला चहाबरोबर शिरा. रात्री वाटीभर आंबील घेतली तरी पुष्कळ. चहा ती बशीतून प्यायची का? तसाच द्या, फक्त निववून.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, मावशी हे करतील का? या आजारात एका माणसाला नीट भरवायला अर्धा ते पाऊण तास लागतो. सेंटरच्या संचालकांना विचारा, जेवणाच्या वेळी किती मावशी असतात आणि हातानं भरवावं लागतं असे किती जण आहेत. एकीवर सहा-सात जण असतील तर कुणाला दोष देऊन काही होणार नाही. जास्त माणसं लावा किंवा जेवणाच्या वेळा दोन पाळ्यांत विभागा असं पालकसभेसारखं सगळ्या कुटुंबांनी मिळून सांगावं लागेल. देशात साठीच्या पुढच्या जवळजवळ ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यांना घास भरवणाऱ्या बहुतेक बायकांना हे काम कुणी एक दिवसही शिकवलेलं नाही. त्या मावशींचा मला राग येत नाही. त्यांना शिकवायला हवं याचा आग्रह मात्र सोडू नका.

तुम्ही स्वतः एक करा. अर्ध्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून आईच्या जेवणाच्या जागेजवळ लावा. काहीसं असं: 'यांना काकू म्हणून हाक मारा. उजव्या हातानं जेवतात, चमचा आवडत नाही. आधी त्यांना वाढायला सोबत घ्या, मग जेवायला बसवा. पैशाचं विचारलं तर भरले आहेत म्हणा. वरण-भात, मेतकूट, केळं आवडतं. वांगं थुंकतात. कवळी घातली का ते बघा. मान फिरवली तर थांबा, पंधरा मिनिटांनी पुन्हा विचारा.' तपशील तुमच्या आईचे घाला. सोबत एक वही ठेवा: कोणी भरवलं, केव्हा, काय आणि किती गेलं, काय झालं. दोन-तीन आठवड्यांत तुम्हाला दिसेल की एखाद्या मावशीच्या हातून आई पोटभर जेवते. तिला शोधा. ती वेगळं काय करते ते बाकीच्यांनी तिच्याकडून शिकायचं, आणि तिचं कौतुक संचालकांसमोर, लेखी करा. वजन दर आठवड्याला, त्याच काट्यावर.

घरी आणण्याबद्दल: आत्ता नको. रागाच्या आणि अपराधाच्या भरात तर नकोच. तुम्ही नोकरीला जाणार, घरी येणारी बाई नवी असणार, जागा आईला अनोळखी, आणि जागा बदलली की या आजारात माणूस आणखी गोंधळतो. महिनाभर वर लिहिलेलं करून बघा. सेंटरनं नाक दाबणं थांबवलं नाही, किंवा हातानं जेवू द्यायलाच नकार दिला, तर मात्र जागा बदला. ती दुसरी जागा घरच असायला हवी असं नाही. तुम्ही तिला तिथे ठेवलंत म्हणून तिचं वजन गेलं, असं मला तुमच्या पत्रातून कुठेही दिसत नाही. मुंबईच्या घरांतही हेच घडतं, दार बंद असतं म्हणून बाहेर कळत नाही.

आणि नळी. अचानक आलेल्या आजारात, बरं होईपर्यंत, चार-आठ दिवस नळी लागली तर ती गोष्ट वेगळी. पण डिमेन्शिया पुढच्या टप्प्यात गेल्यावर कायमची नळी घालण्याबद्दल वृद्धांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या अमेरिकी संघटनेनं २०१४ साली स्पष्ट सांगितलं आहे: ती घालू नये, हातानं काळजीपूर्वक भरवावं. नळीनं आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं दिसून आलेलं नाही. नाकात नळी असलेलं, गोंधळलेलं माणूस ती ओढून काढतं, मग त्याचे हात बांधतात. पलंगावर पडून राहिल्यानं जखमा होतात. आणि हातावरच्या घासाचं, कुणीतरी शेजारी बसण्याचं सुख जातं. तुमच्या आईच्या बाबतीत तर हा प्रश्न आजचा नाहीच. ती चालते, उचलून खाते, पैशाची काळजी करते. डॉक्टरांना नम्रपणे पण नेमकं विचारा: नळी कशासाठी, किती दिवसांसाठी, आणि त्याआधी गिळण्याची तपासणी झाली का?

पुढे कधीतरी असा दिवस येईल की ती खरोखरच खाईनाशी होईल. बॉस्टनच्या आसपासच्या २२ नर्सिंग होममधल्या, आजाराच्या शेवटच्या टप्प्यातल्या ३२३ जणांवर दीड वर्ष लक्ष ठेवून केलेला अभ्यास २००९ साली आला. त्यातल्या जवळजवळ ८६ टक्क्यांना खाण्याचा त्रास झाला होता. म्हणजे शेवटाकडे खाणं सुटतं ते हा आजार तिथवर पोचलेला असतो म्हणून. कुणाची माया कमी पडली म्हणून नव्हे. तेव्हा आवडीचं, चमचाभर, ती मागेल तेवढंच द्यायचं, तोंड ओलं ठेवायचं, असा निर्णय घेता येतो. तो निर्णय तुम्ही दोघा भावंडांनी आत्ता, घाई नसताना बोलून ठेवा. बाबांच्या किंवा आजी-आजोबांच्या आजारपणात आई काय म्हणाली होती ते आठवा. तिची इच्छा त्यातच कुठेतरी असेल.

भावाला हे पत्र वाचायला द्या. तो लांबून तळमळतोय. पण आईच्या जेवणाच्या वेळचा व्हिडिओ कॉल आजपासून थांबवा. फोनमधून मुलाचा आवाज येतो, तो खोलीत मात्र कुठे नसतो, आणि ती घास सोडून त्याला शोधायला उठते. त्यानं त्याच्या पहाटे लवकर उठून, आईच्या चारच्या चहानंतर फोन करावा, आणि काय खाल्लंस हे विचारू नये. लहानपणी ती त्याला काय करून घालायची ते तिला विचारावं. ती जे सांगेल ते त्यानं लिहून तुम्हाला कळवावं. त्या अर्ध्या पानावर घालायला तेच सगळ्यात उपयोगी पडेल.

तपासण्या झाल्या, वही भरायला लागली की महिन्याभरानं मला पुन्हा लिहा. वजन किती झालं आणि ती कोणाच्या हातून जेवते, एवढं तरी नक्की कळवा.